बँक बुडेल का हे डिसिजन ट्रीला विचारताना: ९८ टक्के अ‍ॅक्युरसी आली तर काय समजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचं शेवटचं सेमिस्टर आहे, अमेरिकेतल्या बुडालेल्या बँकांचा डेटा घेऊन डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांच्या फांद्या करत बँका वेगळ्या करणारं मॉडेल) बसवलाय, अ‍ॅक्युरसी, म्हणजे बरोबर आलेल्या अंदाजांचं प्रमाण, ९८ टक्के येतेय, गाईड खूश आहेत आणि आता म्हणतायत की हेच मॉडेल आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांना लावून बघा, तर ते चालेल का, आणि ट्री ऐवजी रँडम फॉरेस्ट (अशा शेकडो झाडांचं एकत्रित मत) घ्यावं का.

मी गेली सोळा-सतरा वर्षं बँकांच्या रिस्कच्याच कामात आहे, त्यातली बरीचशी ताळेबंद वाचण्यात आणि असली मॉडेलं बनवण्यात गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आत्ता जे मॉडेल तुमच्या हातात आहे ते आपल्याकडे लावू नका. पण प्रोजेक्ट सोडूही नका, कारण विषय सोन्यासारखा आहे, आणि डिसिजन ट्री हा त्यासाठी अगदी योग्य प्रकार आहे, फक्त त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो.

आधी त्या ९८ चं बघू. अमेरिकेत २०१० हे अलीकडच्या काळातलं सगळ्यात वाईट वर्ष होतं, १५७ बँका बुडाल्या. तेव्हा तिथे एकूण बँका होत्या साधारण आठ हजार. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षातसुद्धा बुडणाऱ्या दोन टक्केच. एखाद्याने डोळे मिटून "एकही बँक बुडणार नाही" असं म्हटलं तरी त्याची अ‍ॅक्युरसी ९८ टक्के येते! २०१८, २०२१ आणि २०२२ मध्ये तर एकही बुडाली नाही, म्हणजे तिथे १०० टक्के. त्यामुळे अ‍ॅक्युरसी हा आकडा रिपोर्टमधून काढूनच टाका. त्याच्या जागी दोन गोष्टी लिहा, बुडालेल्या बँकांपैकी किती तुमच्या लाल, म्हणजे धोक्याच्या, यादीत आल्या, आणि तेवढ्या पकडायला किती चांगल्या बँकांना उगाच लाल केलं. तपासणी करणाऱ्याला एवढंच हवं असतं, त्याच्याकडे माणसं मोजकी असतात आणि पुढच्या तिमाहीत कोणत्या पन्नास बँकांकडे आधी जायचं हे ठरवायचं असतं.

आता ट्री नेमकं काय करतो ते एकदा कागदावर हाताने करून बघा. मी टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला हे करायला लावतो, लायब्ररीत एक ओळ टाकून चित्र काढलं की काहीच कळत नाही. समजा १००० बँका आहेत, त्यातल्या ४० पुढे बुडाल्या (आकडे सोयीसाठी घेतलेत). मुळाशी जिनी (गटात बुडालेल्या आणि तरलेल्या किती मिसळलेल्या आहेत त्याचं माप) किती? १ वजा ०.०४ चा वर्ग वजा ०.९६ चा वर्ग, म्हणजे ०.०७६८. आता टेक्सास रेशो घ्या. १९८० च्या दशकात टेक्सासमधल्या बँका धडाधड पडल्या तेव्हाच्या अनुभवावरून आलेला हा रेशो आहे, थकीत कर्जं आणि वसुलीत ताब्यात आलेली मालमत्ता वर, खाली बँकेचं ठोस भांडवल अधिक तरतूद. १०० टक्क्यांच्या वर गेला म्हणजे खड्डा तोटा सोसणाऱ्या उशीपेक्षा मोठा झाला. समजा ८० टक्क्यांवर कट मारला, म्हणजे तिथे बँकांचे दोन गट केले, आणि उजवीकडे ६० बँका गेल्या, त्यातल्या ३० बुडालेल्या. तिथला जिनी ०.५. डावीकडे ९४० राहिल्या, त्यात १० बुडालेल्या, जिनी ०.०२१. वजन लावून बेरीज केली की साधारण ०.०५ येतो, म्हणजे ०.०७६८ वरून ०.०५ वर उतरला. ट्री असे हजारो कट मारून बघतो आणि ज्याने सगळ्यात जास्त उतरतो तो ठेवतो. १९८४ मध्ये ब्रायमन, फ्रीडमन, ओल्शेन आणि स्टोन यांनी कार्ट ही डिसिजन ट्रीची पद्धत मांडली तेव्हापासून गाभा हाच आहे, आणि पुढच्याच वर्षी फ्रायडमन (वरच्या फ्रीडमनपेक्षा वेगळं नाव), ऑल्टमन आणि काओ यांनी ही पद्धत कंपन्यांच्या दिवाळखोरीला लावून दाखवली होती, म्हणजे आपल्या क्षेत्रात हे काही नवीन नाही.

या उदाहरणात माझं लक्ष उजवीकडच्या ३० वर कमी आणि डावीकडच्या १० वर जास्त जातं. टेक्सास रेशो ठीक असूनही बुडालेल्या त्या दहा बँका कोण होत्या? तुमच्या प्रोजेक्टचा खरा जीव तिथे आहे, ते पुढे सांगतो.

अजून एक, उजव्या लीफमध्ये (लीफ म्हणजे झाडाच्या टोकाचा गट) बुडण्याची शक्यता ५० टक्के आहे म्हणून लायब्ररी तिला लाल म्हणेल की हिरवी हे नशिबावर, आणि २० टक्के शक्यता असलेली लीफ तर ती सरळ हिरवीच दाखवेल, कारण तिच्यासाठी दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत. आपल्यासाठी नाहीत. एक बुडणारी बँक नजरेतून सुटणं हे २० खोट्या अलार्मइतकं महाग धरा, मग हिशोब असा होतो की जिथे शक्यता २१ त एक म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या वर आहे ती प्रत्येक लीफ लाल. वीस हा आकडा बरोबर की चूक यावर गाईडशी वाद घाला, पण आकडा धरा आणि रिपोर्टमध्ये लिहा. लोक याऐवजी स्मोट लावून बुडालेल्या बँकांच्या खोट्या प्रती तयार करतात, मला ते अजिबात पटत नाही, दोन खऱ्या बँकांच्या मधली काल्पनिक बँक घेऊन तिच्यावर ट्रीचा कट ठरवायचा म्हणजे पुढे कुणी विचारलं की ही, समजा, ११.३ टक्क्यांची सीमा कुठून आली तर उत्तर देता येत नाही. क्लास वेट वापरा, म्हणजे बुडालेल्या बँकेबाबतच्या चुकीला जास्त वजन द्या, काम होतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मला तुमच्या मॉडेलमध्ये जवळजवळ नक्की दिसतेय कारण दहातल्या नऊ प्रोजेक्टमध्ये ती असतेच. तुम्ही बँक बुडायच्या आधीच्या शेवटच्या तिमाहीचे आकडे घेतलेत ना? आणि ट्रीचा सगळ्यात वरचा कट आलाय भांडवल भागिले एकूण मालमत्ता, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास? तो आकडा कुठून येतो बघा. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने प्रॉम्प्ट करेक्टिव्ह अ‍ॅक्शन (भांडवल घसरलं की नियामकाने ठरावीक पावलं उचलायची पद्धत) आली, ठोस भांडवल मालमत्तेच्या दोन टक्के किंवा कमी झालं की बँक अगदी शेवटच्या वर्गात जाते आणि नियामकाला साधारण ९० दिवसांत ती ताब्यात घ्यायची असते. म्हणजे तुमच्या ट्रीने आजार ओळखलेला नाही, त्याने कायद्याचं कलम पाठ केलंय. पेशंट आयसीयूत हलवल्यावर तो आजारी आहे हे सांगायला मॉडेल कशाला.

म्हणून लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवायचं उत्तर, बदला. आजच्या तिमाहीचे आकडे घ्या आणि विचारा की ही बँक इथून पुढे चौथ्या ते आठव्या तिमाहीत बुडाली का. एक ते दोन वर्षं आधी. अ‍ॅक्युरसी, रिकॉल (बुडालेल्यांपैकी किती पकडल्या), सगळं धाडकन खाली येईल, घाबरू नका, आता कुठे मॉडेल खरं बोलायला लागलंय. भांडवलाचा कट झाडात खाली सरकेल आणि वर वेगळेच व्हेरिएबल येतील, तेव्हा मजा सुरू होते.

डेटाच्या बाबतीत तीन-चार गोष्टी पटकन सांगतो. प्रत्येक बँकेला एफडीआयसीचा (तिथली ठेवविमा संस्था) सर्ट नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) डेटा वेगळा करताना तो धरूनच करा, नाहीतर त्याच बँकेची मार्चची तिमाही ट्रेनमध्ये आणि जूनची टेस्टमध्ये जाते आणि ट्री फक्त बँक ओळखतो. त्याहून चांगलं म्हणजे काळाने तोडा, २००९ पर्यंत शिकवा आणि २०१० ते २०१२ वर तपासा. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत मिळून ४६५ बँका बुडाल्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशा मिळतात. दुसरं, ज्या बँका दुसऱ्या बँकेत विलीन होऊन डेटामधून गायब झाल्या त्यांना सरसकट "वाचल्या" धरू नका, त्यातल्या काही बुडता बुडता कुणीतरी उचललेल्या असतात, त्यांना वेगळं ठेवा. तिसरं, कॉल रिपोर्ट (बँका दर तिमाहीला नियामकाला देतात ते आकडे) मागाहून दुरुस्त होतात, तपासणी झाली की बँकेला जुन्या तिमाहीची तरतूद वाढवून पुन्हा रिपोर्ट द्यावा लागतो, आणि आज डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये तो दुरुस्त आकडा असतो जो त्या दिवशी कुणाकडेच नव्हता. हे पूर्ण टाळणं अवघड आहे पण निदान रिपोर्टमध्ये लिहा, परीक्षकाला कळेल की तुम्हाला डेटा कळलाय.

आता एक-दोन वर्षं आधीच्या झाडात काय दिसतं. २००८ नंतर सगळ्यात जास्त बँका जॉर्जिया राज्यात बुडाल्या, अटलांटाच्या आजूबाजूला प्लॉट पाडणं, घरं बांधणं यासाठी लहान लहान बँकांनी भरमसाठ कर्जं दिली होती. त्या बँकांचे २००६ चे आकडे काढून बघा, थकीत कर्ज जवळपास नाही, नफा उत्तम, भांडवल नियमापेक्षा जास्त. रेशो एक-एक करून बघणाऱ्या माणसाला त्या आदर्श वाटतील. ट्री मात्र असं काहीतरी काढतो: बांधकाम आणि जमीन-विकास कर्जांचा वाटा जास्त आहे का, असेल तर ठेवी ब्रोकरकडून आणलेल्या आहेत का, असतील तर गेल्या दोन वर्षांत कर्जं कितीने वाढली. तिन्हींना हो आलं की लीफ लाल. यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर गुन्हा नाही, वेगाने वाढणारी बँक वाईट असतेच असं नाही आणि बांधकामाला कर्ज कुणीतरी दिलंच पाहिजे, पण तिन्ही एकत्र आल्या की दुसऱ्याच्या पैशावर एकाच घोड्यावर सगळं लावलंय असा अर्थ होतो. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये हे हवं असेल तर इंटरअ‍ॅक्शन (अनेक गोष्टी एकत्र आल्याचा परिणाम) तुम्हाला हाताने टाकावं लागतं, म्हणजे आधीच माहीत असावं लागतं. ट्री ते स्वतः शोधतो, आणि मुख्य म्हणजे एका वाक्यात वाचून दाखवता येतं. संचालक मंडळासमोर किंवा तपासणी अधिकाऱ्यासमोर बसलं की ते एक वाक्य फार उपयोगी पडतं.

रँडम फॉरेस्ट घ्यावं का, तर हो, पण सोबत घ्या, बदली म्हणून नको. एकटा ट्री फार चंचल असतो, ट्रेनिंगमधून पंधरा-वीस बँका काढून पुन्हा बसवा, मुळाचा कटच बदलेल. हे मुद्दाम करून बघा, दोनशे वेळा बूटस्ट्रॅप करा (त्याच डेटामधून पुन्हा पुन्हा नमुने उचलून ट्री बसवा) आणि पहिल्या तीन पातळ्यांवर कोणती व्हेरिएबल किती वेळा येतात ते मोजा. जे वारंवार येतं त्यावर बोला, जे एकदाच आलं त्यावर निष्कर्ष काढू नका. क्रमवारी लावायला फॉरेस्ट किंवा बूस्टिंग (आधीच्या झाडाच्या चुका सुधारत झाडं जोडायची पद्धत) एकट्या ट्रीपेक्षा चांगलं असतं यात वाद नाही, मी स्वतः यादी फॉरेस्टने लावतो आणि कारण समजावायला चार-पाच पातळ्यांचा छाटलेला ट्री ठेवतो. लीफमध्ये निदान तीसेक तरी बँका राहू द्या. आणि एखाद्या फांदीत "भांडवल वाढलं की धोका वाढतो" असं उलटं आलं तर तो शोध समजू नका, बहुतेक वेळा ओव्हरफिट, म्हणजे ट्रेनिंगच्या डेटाची पाठांतर, असतं, मोनोटोनिक बंधन घाला (भांडवल वाढलं की धोका वाढू नये अशी अट) आणि पुन्हा चालवा.

आता त्या डावीकडच्या दहा बँकांकडे येतो. यात दोन जाती असतात.

पहिली जात म्हणजे ज्यांचा आजार ट्रेनिंगच्या काळात नव्हताच. सिलिकॉन व्हॅली बँक बघा. कर्जं स्वच्छ, थकीत नावालाच, टेक्सास रेशो काढला तर हसाल इतका कमी. २०१९ अखेर ते २०२१ अखेर मालमत्ता जवळजवळ तिप्पट झाली, आलेला पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत घातला, मार्च २०२२ पासून फेडने (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदर वाढवले आणि रोख्यांच्या किमती पडल्या. २०२२ अखेर मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवर न दाखवलेला तोटा सुमारे १५ अब्ज डॉलर होता आणि बँकेचं एकूण भांडवल सुमारे १६ अब्ज. ठेवींपैकी ९० टक्क्यांहून जास्त विम्याच्या मर्यादेबाहेर. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि १० ला बँक बंद. लक्षात घ्या, रोख्यांची बाजारभावाची किंमत आणि विमा नसलेल्या ठेवी हे दोन्ही कॉल रिपोर्टमध्ये होतं! कॉलम तिथेच होते. पण २००८ ते २०१२ मध्ये व्याजदर खाली येत होते, रोख्यांवर फायदाच होत होता, त्या कॉलमने बुडणारी आणि तरणारी वेगळी होतच नव्हती, मग ट्री त्यावर कट मारणार कसा. तुमचं मॉडेल २०२३ वर चालवून बघा, सिलिकॉन व्हॅली हिरव्या लीफमध्ये येईल असं मी आत्ताच लिहून ठेवतो, आणि ते निकालात लपवू नका, त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहा. उपाय म्हणून न दाखवलेला तोटा भांडवलातून वजा करून "दुरुस्त भांडवल" असं एक व्हेरिएबल स्वतः बनवा, ते माणसाच्या समजुतीतून येतं, डेटामधून आपोआप नाही येत.

दुसरी जात म्हणजे ज्यांनी आकडेच खोटे दिले. वेस्ट व्हर्जिनियात कीस्टोनची फर्स्ट नॅशनल बँक, सप्टेंबर १९९९ मध्ये बंद झाली, तोपर्यंत देशातल्या सगळ्यात जास्त नफा दाखवणाऱ्या बँकांत तिचं नाव होतं, आणि पुस्तकात असलेली सुमारे ५० कोटी डॉलरची कर्जं तिच्याकडे नव्हतीच. आणि आपल्याकडे पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. मार्च २०१९ च्या ताळेबंदात ग्रॉस एनपीए (एकूण थकीत कर्जांचं प्रमाण) पावणेचार टक्के, सीआरएआर (जोखमीच्या मानाने भांडवल) बारा टक्क्यांच्या वर, नफा. कुठलाही ट्री हिला हिरवी म्हणेल. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून हजार रुपये काढायची मर्यादा होती. मग बाहेर आलं की कर्जातला ७० टक्क्यांहून जास्त पैसा एकाच बिल्डर ग्रुपकडे, एचडीआयएलकडे अडकलेला होता आणि तो लपवायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली होती. ज्यांनी आयुष्याची पुंजी तिथे ठेवली त्या माणसांचे हाल मी जवळून पाहिलेत, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा राहिलेला नाही.

ट्रीला दिसतं ते बँकेने सांगितलेलं. त्यामुळे जे खोटं करायला अवघड आहे असं काहीतरी त्याला द्यावं लागतं. एक किस्सा सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी बँकेचे आकडे बघत होतो, नाव सांगत नाही. एनपीए चार टक्क्यांच्या आत. पण येणे व्याज, म्हणजे कर्जदाराच्या नावे लावलेलं पण हातात न आलेलं व्याज, ते कर्जांपेक्षा दुप्पट वेगाने वाढत होतं, सलग तीन वर्षं. मी मार्च महिन्यातली मोठी वाटपं मागवली. २९, ३०, ३१ मार्च, एकाच घरातल्या दोन नावांवर नवीन कर्ज आणि त्याच दिवशी तिसऱ्याचं जुनं थकीत खातं पूर्ण जमा. नवं-जुनं! एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच उलट्या दिशेने. चेअरमन म्हणाले, "अहो, सगळे घरचेच सभासद आहेत, पैसे कुठे जात नाहीत." पुढे दीड वर्षात निर्बंध आले. तेव्हापासून येणे व्याज भागिले कर्जं, आणि मार्च अखेरची कर्जं विरुद्ध मेच्या अखेरची, ही दोन व्हेरिएबल माझ्या प्रत्येक मॉडेलमध्ये असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर ती हमखास वर येतात.

आता गाईड म्हणतात ते, आपल्या सहकारी बँकांना लावायचं. देशात दीडेक हजार नागरी बँका, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, म्हणजे गरज इथेच आहे हे खरं. पण अमेरिकेतले कट इथे उचलून आणता येत नाहीत, इथे ब्रोकरकडच्या ठेवी नाहीत, बांधकाम कर्जाचा वेगळा कॉलम तसा मिळत नाही, आणि लहान बँकेचे आकडे बाहेरच्या माणसाला मिळतात ते वर्षातून एकदा वार्षिक अहवालात. त्याहून अवघड म्हणजे "बुडाली" हे लेबलच नीट नाही. पुण्याची रुपी बँक घ्या, १९१२ सालची. निर्बंध २०१३ मध्ये आले, लायसन्स रद्द झालं २०२२ मध्ये. नऊ वर्षं! तुमच्या टेबलात कोणती तारीख टाकणार? मी २०१३ टाकेन, कारण ठेवीदाराचे पैसे त्या दिवशी अडकले. लायसन्सची तारीख धरली तर ट्री आधीच अतिदक्षता विभागात नऊ वर्षं असलेल्या बँकेचे आकडे "आधीची लक्षणं" म्हणून शिकेल, म्हणजे तीच वरची चूक. व्यापारी बँकांचं तर आणखी वेगळं, येस बँक मार्च २०२० मध्ये स्टेट बँक पुढे करून उभी केली, लक्ष्मी विलास त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीबीएसमध्ये गेली, बुडाल्याची नोंद कुठेच नाही.

म्हणून माझं म्हणणं, उरलेल्या वेळात अमेरिकेचा डेटाच ठेवा, लेबल चार ते आठ तिमाही पुढचं करा, काळाने तोडा, खर्चाचा आकडा धरा. आपल्याकडचं करायचंच असेल तर शेवटच्या प्रकरणात पाच-सहा बँकांचे वार्षिक अहवाल हाताने वाचा, निर्बंध यायच्या आधीची तीन वर्षं, आणि तुमच्या झाडाच्या फांदीवरून एकेक बँक चालवत न्या, कुठे वळली आणि का वळली ते लिहा. भविष्य वर्तवतोय असा दावा करू नका आणि चालू स्थितीतल्या कुठल्याही बँकेचं नाव घेऊन "लाल" असं छापू नका, एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डने चांगल्या बँकेच्या दारात रांग लागू शकते.

नवीन लेबल लावून चालवलंत की कन्फ्युजन मॅट्रिक्स (किती बरोबर, किती चूक ओळखल्या त्याचा तक्ता) आणि हिरव्या लीफमध्ये राहून बुडालेल्या बँकांची यादी, सर्ट नंबरसकट, पाठवा. ती यादी आपण एकेक करून बघू.